फॉर्मवर लिहिलेले प्रशिक्षकाचे नाव

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी खेळाडूचा नमुना घेताना जो फॉर्म भरला जातो, त्याकडे आपल्या महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राने फारसे लक्ष दिलेले नाही. शर्यत संपल्यावर खेळाडूला सूचना दिली जाते, तिच्यावर त्याची सही घेतली जाते आणि त्या क्षणापासून एक नेमलेली व्यक्ती त्याला नजरेआड होऊ देत नाही. चाचणीच्या खोलीत तो सीलबंद किटांपैकी एक किट स्वतः निवडतो, अधिकाऱ्याच्या देखत किमान ९० मिलिलिटर लघवी देतो, ती ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत ओततो आणि झाकणे घट्ट लावतो. बाटल्यांवरचे क्रमांक फॉर्मवर उतरवले जातात. अलीकडे घेतलेली औषधे, पावडरी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सगळे त्याने सांगायचे असते. आणि त्याच फॉर्मवर त्याला आणखी एक गोष्ट विचारली जाते : प्रशिक्षकाचे आणि डॉक्टरांचे नाव.

हे नाव कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने विचारले जात नाही. ‘वाडा’ या जागतिक संस्थेने चाचणीची जी मानके घालून दिली आहेत, त्यांत प्रशिक्षकाच्या नावाची नोंद अपेक्षित आहे. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेले स्टेरॉइड सापडते, तेव्हा त्या विद्यार्थ्याला कोण घडवत होते हे यंत्रणेला आधीपासून ठाऊक असते. पुढे सुनावणी होते, बंदी लागते आणि राष्ट्रीय संस्था असलेल्या ‘नाडा’च्या यादीत खेळाडूचे नाव, खेळ, सापडलेले द्रव्य आणि बंदीचा काळ प्रसिद्ध होतो. प्रशिक्षकाचे नाव त्या यादीत नसते. गावातल्या वर्तमानपत्रात मुलाचे छायाचित्र छापून येते, त्याच्या आईवडिलांना लोक भेटायला येतात, आणि ज्यांना तो पाया पडून मैदानात उतरत असे ते ‘सर’ दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या मुलांची तुकडी घेऊन त्याच मैदानावर उभे असतात.

मी एका महाविद्यालयात क्रीडा संचालक म्हणून काम करते. आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्यातल्या विद्यापीठांची ‘अश्वमेध’ अशा स्पर्धांसाठी संघ तयार करणे, प्रवेशिका भरणे, मुलांना घेऊन जाणे आणि सुखरूप घरी आणणे हे माझे काम आहे. सुखरूप आणण्यात डोपिंगपासून वाचवणेही येते, असे मी मानते. म्हणूनच या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

हा प्रश्न केवळ ऑलिम्पिकच्या पातळीवरचा आहे, हा समज आधी सोडून द्यायला हवा. ‘वाडा’च्या २०२४ च्या आकडेवारीनुसार भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० दोषी आढळले, म्हणजे सुमारे ३.६ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण फार वरचे आहे. त्याआधीच्या वर्षी ५,६०६ नमुन्यांत २१३ होते. यांतले सगळेच काही नामांकित खेळाडू नसतात. आपल्याकडे खेळातले यश ही अनेक घरांसाठी नोकरीची वाट असते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, रेल्वे, पोलीस आणि सैन्यदल यांच्या भरतीत खेळाच्या प्रमाणपत्राला किंमत आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पदकाने एखाद्या शेतमजुराच्या मुलीचे आयुष्य खरोखर बदलते, आणि ते बदलावे असे मलाही मनापासून वाटते. पण त्या पदकाची किंमत जितकी मोठी, तितका प्रशिक्षकाच्या शब्दाचा अधिकारही मोठा होत जातो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला सरांनी “हे घे, रिकव्हरीचे आहे” असे सांगितले, तर ती त्या बाटलीवरचे लेबल वाचत बसत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा सुरू असताना स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजा पडलेल्या दिसल्या आणि ते चित्रण देशभर पसरले. ‘नाडा’चे अधिकारी आल्याची कुणकुण लागताच अनेक खेळाडू मैदानातून निघून गेले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतली एक मुलगी अंतिम रेषा ओलांडल्यावरही धावतच राहिली आणि अधिकाऱ्याला तिच्यामागे धावावे लागले. त्या दिवसांत मी जेवढ्या चर्चा ऐकल्या, त्या सगळ्या पळून गेलेल्या मुलांबद्दल होत्या. ती मुले तिथे एकटी आली नव्हती. त्यांचे सराव-वेळापत्रक कोणीतरी आखले होते, त्यांच्या प्रवेशिका कोणीतरी भरल्या होत्या, आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीला आपला धावपटू जागेवर का नाही, याचे उत्तर देणे ज्याचे काम होते तो माणूस त्याच स्टेडियममध्ये कुठेतरी होता. त्याला कोणी विचारले का, हा प्रश्न मला त्या चित्रणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

महाविद्यालयीन खेळांत प्रशिक्षकांना प्रत्यक्ष न्यायालयात उभे करण्याची एक जुनी घटना अमेरिकेतली आहे. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या एका खेळाडूने ऑक्टोबर १९८८ मध्ये तिथल्या नामांकित क्रीडा साप्ताहिकात आपली कहाणी सांगितली. स्टेरॉइडच्या वापराने त्याचे शरीर आणि मन इतके खचले होते, की तो आत्महत्येच्या काठावर जाऊन परत आला होता. विशेष म्हणजे संघात स्टेरॉइडचा वापर सर्रास होता आणि प्रशिक्षकवर्गाला त्याची कल्पना होती, असे त्याने उघडपणे म्हटले. त्यानंतर केंद्रीय पातळीवर तपास झाला आणि १९८९ मध्ये चार सहायक प्रशिक्षकांवर आरोप ठेवले गेले. तिघांनी सौम्य स्वरूपाचे गुन्हे कबूल केले आणि चौथ्याला न्यायालयाने निर्दोष ठरवले. कबुली देणाऱ्यांपैकी एक जण पुढे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये दीर्घकाळ प्रशिक्षक म्हणून काम करत राहिला.

या घटनेतल्या दोन्ही बाजू मला महत्त्वाच्या वाटतात. प्रशिक्षकांची चौकशी होऊ शकते, त्यांच्यापर्यंत पुरावा पोहोचू शकतो आणि निर्दोष असलेला माणूस त्या प्रक्रियेतून सुटूही शकतो, हे तिथे दिसले. पण सुरुवात कशाने झाली? एका उद्ध्वस्त झालेल्या मुलाने स्वतःचे नाव आणि छायाचित्र देऊन बोलण्याचे धाडस केले म्हणून. विद्यापीठाने स्वतःहून दार उघडले नव्हते. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेने १९८६ पासून चाचण्या सुरू केल्या आहेत आणि निषिद्ध द्रव्य पुरवण्यात कर्मचाऱ्याचा जाणीवपूर्वक सहभाग हा तिथे आचारसंहितेचा भंग मानला जातो. परंतु ती संघटना ‘वाडा’च्या संहितेखाली, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी नियमावलीखाली, येत नाही. डोपिंगचे कट रचणाऱ्यांना तुरुंगात पाठवण्यासाठी २०२० मध्ये झालेला अमेरिकी कायदाही मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपुरता आहे. महाविद्यालयीन मैदान त्याच्या बाहेरच राहिले.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण २०११ चे. आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत ४ x ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातल्या अश्विनी अकुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस यांच्यासह सहा महिला धावपटू अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडसाठी दोषी आढळल्या. प्रशिक्षकांनी चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हे द्रव्य आपल्या शरीरात गेले, असे या मुलींचे म्हणणे होते. तत्कालीन क्रीडामंत्री अजय माकन यांनी युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांना पदावरून दूर केले आणि न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्याकडे चौकशी सोपवली. आपल्या शिस्तपालन समितीने मुलींना एक वर्षाची बंदी दिली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघ आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेला आणि लवादाने २०१२ मध्ये ती बंदी दोन वर्षांची केली.

लवादाचा निर्णय नियमाला धरून होता. आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची आहे, हे तत्त्व नसते तर प्रत्येक दोषी खेळाडूने प्रशिक्षकाकडे बोट दाखवले असते आणि चाचणीला अर्थच उरला नसता. मला हे तत्त्व मान्य आहे आणि मी ते माझ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते. पण खेळाडूची जबाबदारी पूर्ण आहे, म्हणून प्रशिक्षकाची जबाबदारी शून्य होत नाही. दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. पदावरून दूर करणे हा तर हिशेबच नव्हे. ती प्रशासकीय कारवाई असते. तिच्यात आरोपपत्र नसते, सुनावणी नसते, आणि तो माणूस दोषी होता की नव्हता हे कायमचे अधांतरी राहते. दोषी असेल तर तो दुसरीकडे कामाला लागतो आणि निर्दोष असेल तर आयुष्यभर संशय वागवतो.

नियमांत मात्र या हिशेबाची सोय आहे, आणि ती आपल्या महाविद्यालयांत कोणाला फारशी माहीत नाही, याचे मला वाईट वाटते. २०२१ च्या जागतिक संहितेनुसार निषिद्ध द्रव्याचा व्यापार करणे, खेळाडूला ते देणे किंवा टोचणे हे प्रशिक्षकासाठी स्वतंत्र गुन्हे आहेत आणि त्यांना किमान चार वर्षे ते आजन्म इतकी बंदी आहे. मदत करणे, चिथावणे, लपवाछपवीत सामील होणे, यांना दोन वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार करणाऱ्याला धमकावणे किंवा त्याचा सूड घेणे हाही २०२१ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. बंदी असलेल्या प्रशिक्षकाकडे सराव करणाऱ्या खेळाडूवरही कारवाई होऊ शकते, आणि अशा बंदी असलेल्या व्यक्तींची यादी ‘वाडा’ प्रसिद्ध करते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद चौकशीची आहे. संहिता राष्ट्रीय संस्थांना सांगते, की संरक्षित वर्गातला, म्हणजे मुख्यतः कमी वयाचा, खेळाडू दोषी ठरला, तर त्याच्या साहाय्यकांची, म्हणजे प्रशिक्षक, डॉक्टर अशांची, चौकशी आपोआप सुरू झाली पाहिजे; तसेच एकाच व्यक्तीने मार्गदर्शन केलेले एकाहून अधिक खेळाडू दोषी ठरले, तर त्या व्यक्तीचीही चौकशी झाली पाहिजे. ‘आपोआप’ या शब्दावर माझा भर आहे. कोणी तक्रार करण्याची, कोणी जीव धोक्यात घालून मुलाखत देण्याची वाट पाहायची नाही. आणि त्यासाठी लागणारी माहिती कोणती? फॉर्मवरचे तेच नाव. दोषी ठरलेल्यांचे फॉर्म प्रशिक्षकाच्या नावानुसार लावले, की कोणाचे नाव दोनदा, तीनदा येते हे एका दुपारच्या कामात कळते. अशा किती चौकशा दरवर्षी सुरू झाल्या आणि किती पूर्ण झाल्या, एवढा आकडा जरी नियमितपणे जाहीर झाला, तरी मैदानावरचे वातावरण बदलेल, अशी माझी खात्री आहे. आज जगभरातच प्रशिक्षक आणि इतर साहाय्यकांवरची प्रकरणे खेळाडूंच्या तुलनेत अगदी थोडी असतात.

इथे वयाची एक फट आहे आणि ती नेमकी महाविद्यालयाच्या दारात पडते. संरक्षित वर्गात सोळा वर्षांखालची मुले येतात, आणि अठरा वर्षांखालची, पण वरच्या पातळीवर न पोहोचलेली मुले येतात. अशा मुलाला द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकाला, काही द्रव्यांचा अपवाद सोडता, आजन्म बंदी ठरलेली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातले अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या संरक्षणात येतात. तोच विद्यार्थी प्रथम वर्षाला आला, अठरा पूर्ण झाला, की ते संरक्षण संपते. मैदान तेच असते, सर तेच असतात, घरची परिस्थिती तीच असते आणि सरांच्या शब्दापुढे ‘नाही’ म्हणण्याची त्याची ताकदही रातोरात वाढलेली नसते. नियमाला कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मला समजते. पण म्हणूनच पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ते संरक्षण महाविद्यालयाने स्वतःच्या नियमांतून द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

काही वर्षांपूर्वी एक मध्यम पल्ल्याची धावपटू जिमखान्यात माझ्याकडे आली आणि तिने पिशवीतून एक छोटी काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीवरचे लेबल नखाने खरवडलेले होते. उरलेल्या तुकड्यावर फक्त मात्रेचा आकडा आणि मुदतीचा महिना वाचता येत होता. “मॅडम, आमच्या सरांनी बी-ट्वेल्व्ह म्हणून दिलंय. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घ्यायचं म्हणाले. पण मग लेबल कशाला काढलं असेल?” असे तिने विचारले. प्रश्न इतका सरळ होता, की त्यावर वेगळे काही सांगायची गरजच नव्हती. तिने ते घेतले नाही. मी त्या प्रशिक्षकांना फोन केला, तेव्हा त्यांनी मुलीचा गैरसमज झाला असे सांगून विषय बंद केला. मी लेखी अहवाल वर दिला. काही दिवसांनी मला उत्तर मिळाले, की संबंधित व्यक्ती संस्थेच्या सेवेत नसल्याने संस्थेला तिच्याविषयी काही करता येणार नाही.

ते उत्तर कागदोपत्री खरे होते. ते प्रशिक्षक एका खासगी अकादमीत शिकवत. आमच्या मैदानावर त्यांची मुले रोज पहाटे येत, आमच्या महाविद्यालयाच्या नावाने स्पर्धेत उतरत आणि पदक आले की आमच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद होई. पदकाच्या बाबतीत ते आमचे होते, प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ते कोणाचेच नव्हते. ती मुलगी पुढच्या हंगामात त्या अकादमीत गेली नाही. त्यामुळे तिचा सराव मागे पडला, हे नुकसान तिने एकटीने सोसले.

महाविद्यालयांत प्रशिक्षण देणाऱ्यांपैकी पूर्णवेळ कर्मचारी थोडे असतात. बाकीचे मानधनावर, हंगामापुरते, किंवा असे खासगी. आम्ही ज्या प्रवेशिका भरतो त्यांत विद्यार्थ्याची जन्मतारीख, बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, प्रवेशाची तारीख, प्राचार्यांची सही असे सगळे बारकाईने तपासले जाते, कारण वयाची किंवा पात्रतेची फसवणूक होऊ नये, अशी विद्यापीठाची इच्छा असते. संघाबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकाचेही नाव असते. पण विद्यार्थ्याला वर्षभर प्रत्यक्ष शिकवणाऱ्या माणसाचे नाव लिहायला त्यांत जागा मला कधी मिळालेली नाही. चाचणीच्या फॉर्मवर मात्र ते नाव विचारले जाते. म्हणजे जे नाव दोषी नमुन्याच्या दिवशी हवे असते, ते आधी वर्षभर महाविद्यालयाच्या कोणत्याही कागदावर नसते.

भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने २०२५ मध्ये प्रशिक्षकांना नोंदणी सक्तीची केली, हे पाऊल मला योग्य दिशेचे वाटते. इतर खेळांच्या संघटनांनीही ते उचलावे. मात्र महासंघाच्या नोंदवहीत नाव असणे आणि महाविद्यालयाला ते नाव ठाऊक असणे, यांत अंतर आहे, आणि ते अंतर महाविद्यालयानेच मिटवायचे आहे.

विद्यार्थी बोलत का नाहीत, हा प्रश्न मला बाहेरच्या लोकांकडून नेहमी ऐकू येतो. तो विचारणाऱ्याने क्रीडा वसतिगृहात एक दिवस राहून पाहावे. संघाची निवड सरांच्या हातात, वसतिगृहातल्या खोलीसाठी शिफारस सरांची, बूट मिळवून देणारे सर, नोकरीच्या चाचणीला कोणत्या तारखेला जायचे ते सांगणारेही सर. घरी वडील म्हणतात, सर सांगतील तसे कर. अशा मुलाने चौकशी समितीसमोर बसून सरांविरुद्ध जबाब द्यावा, अशी अपेक्षा करायची असेल, तर त्याच्या मागे उभे राहणारे कोणीतरी हवे. संहितेत त्यासाठीही आधार आहे. दोषी खेळाडूने दुसऱ्याचा गुन्हा उघड करण्यास भरीव मदत केली, तर त्याच्या शिक्षेचा मोठा भाग स्थगित होऊ शकतो. अमेरिकी धावपटू टायसन गे याने २०१४ मध्ये अशी मदत केली, तेव्हा त्याला दोनऐवजी एक वर्षाची बंदी मिळाली आणि त्याचा प्रशिक्षक जॉन ड्रमंड याला आठ वर्षांची. हा निकाल मी माझ्या खेळाडूंना मुद्दाम सांगते, कारण प्रशिक्षकालाही खेळाडूपेक्षा मोठी शिक्षा होऊ शकते, हे त्यांना खरेच वाटत नाही. अर्थात गे हा जगप्रसिद्ध धावपटू होता आणि त्याला वकील परवडत होते. आमच्या मुलांना सुनावणीची नोटीस इंग्रजीत येते, तिला उत्तर देण्याची मुदत थोडी असते, आणि मदतीच्या बदल्यात सवलत मागता येते हे त्यांना सांगणारे कोणी नसते. नोटीस आली की पहिल्या दिवशी विद्यार्थ्याबरोबर बसून ती समजावून देणे आणि सरांना दूर ठेवून त्याला मोकळेपणी बोलू देणे, एवढे काम कोणतेही महाविद्यालय आपल्या विधी सल्लागाराकडून करून घेऊ शकते.

प्रामाणिक प्रशिक्षकांची बाजूही इथे मांडायला हवी, कारण मी त्यांच्यातच वावरते. प्रत्येक दोषी नमुन्यामागे प्रशिक्षक असतोच, असे मुळीच नाही. आज मुले व्यायामशाळेतून, मित्रांकडून, भरतीची तयारी करणाऱ्या मोठ्या भावाकडून या गोष्टी मिळवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळांत विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या शहरांतून येत असतात. अशा वेळी प्रशिक्षकाला काहीच माहीत नसणे पूर्ण शक्य आहे. चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे, आणि आरोप सिद्ध करण्याचा भार यंत्रणेवरच असतो, तो तसाच राहिला पाहिजे. उलट मला वाटते, की नियमित आणि सर्वांना सारखी चौकशी झाली, तर तिचा पहिला लाभ या प्रामाणिक माणसांनाच होईल. आज त्यांचा विद्यार्थी स्वच्छ राहून चौथा येतो आणि पहिल्या तिघांचे प्रशिक्षक संस्थाचालकांना अधिक ‘निकाल देणारे’ वाटतात. एका जाणत्या प्रशिक्षकांनी याच कारणाने महाविद्यालयीन काम सोडून शाळेतल्या लहान मुलांना शिकवायला घेतले. त्यांच्यासारखा माणूस आम्ही गमावला, ही खंत माझ्या मनात आहे.

कायद्याने तुरुंगवास द्यावा का, यावर मतभेद आहेत. इटली आणि जर्मनीत तशी तरतूद आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये झालेल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने ‘नाडा’ला वैधानिक दर्जा दिला, झडती आणि जप्तीचे अधिकार दिले, पण मूळ कायद्यात तुरुंगवास ठेवला नाही. औषधे चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर औषध कायद्याखाली कारवाई करता येतेच. माझ्या मते पुरवठ्याचा धंदा करणाऱ्यांसाठी फौजदारी कायदा असावा. परंतु महाविद्यालयाच्या पातळीवर त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रशिक्षकाचे मानधन, त्याचे ओळखपत्र, मैदान वापरण्याची परवानगी, संघाबरोबर जाण्याचा आदेश हे सगळे आपल्या हातात आहे. नेमणुकीच्या पत्रात एक अट घालता येते, की उत्तेजकविरोधी नियमांचा भंग हा गैरवर्तन मानला जाईल, चौकशीत सहकार्य करणे बंधनकारक राहील आणि बंदी लागल्यास करार त्याच दिवशी संपेल. राजीनामा घेऊन प्रकरण मिटवणे थांबले पाहिजे. कारण अशा राजीनाम्यानंतर मिळालेले अनुभवाचे प्रमाणपत्र दाखवूनच तो माणूस पुढच्या जिल्ह्यात काम मिळवतो.

प्राचार्यांनाही यातून वगळता येणार नाही. ज्या महाविद्यालयाचे खेळाडू एकाच माणसाच्या हाताखाली पुन्हा पुन्हा दोषी आढळतात, त्या महाविद्यालयाने आपण कोणती खबरदारी घेतली होती, हे विद्यापीठाच्या क्रीडा मंडळापुढे लेखी मांडले पाहिजे. सर्वसाधारण विजेतेपदाचा चषक स्वीकारायला जो व्यासपीठावर जातो, त्याने या प्रश्नालाही उत्तर द्यायला हवे.

या हंगामापासून आम्ही प्रत्येक खेळाडूच्या प्रवेशिकेसोबत महाविद्यालयाच्या दप्तरात एक जादा पान ठेवायचे ठरवले आहे. त्यावर विद्यार्थी ज्या कोणाकडे सराव करतो त्याचे नाव, अकादमीचे नाव आणि महासंघाच्या नोंदणीचा क्रमांक असेल, आणि त्या व्यक्तीची सही असेल. ते नाव ‘वाडा’च्या बंदी असलेल्या साहाय्यकांच्या यादीत आहे का, हे मी स्वतः तपासून तारीख घालणार आहे. पूरक आहार म्हणून दिलेल्या प्रत्येक डब्याचे आणि इंजेक्शनचे नाव, ते कोणी दिले त्याच्या नावासह, विद्यार्थ्याने त्याच पानाच्या मागे लिहायचे आहे, आणि ते पान सरांकडे न देता थेट माझ्याकडे द्यायचे आहे. दोन खासगी प्रशिक्षकांनी सही करण्यास नकार दिला आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना आम्ही सरावासाठी आमच्या मानधनावरील प्रशिक्षकांकडे येण्याची मोकळीक दिली आहे आणि त्या दोघांचा मैदान वापरण्याचा परवाना पुढच्या महिन्यात नूतनीकरणासाठी येईल तेव्हा हा नकार प्राचार्यांच्या टिपणीसह मैदान समितीपुढे ठेवला जाणार आहे.